मामा मुकादम, भाची अभ्यासक

प्रश्न : मी जर्मनीत पीएच.डी. करते. ऊसतोड कामगारांच्या अभ्यासासाठी बीडला आजोळी उतरले आहे. मामा मुकादम, म्हणजे कारखान्याला तोडीसाठी मजूर पुरवणारे. कुणाकडेही गेलं की खुर्ची, चहा आणि ‘सगळं बरंय ताई’. पुढे कसं जावं?

उत्तर : आधी मामांचं घर सोडा. तुमच्या जर्मनीचं कुणाला काही पडलेलं नाही. ज्याच्याकडून उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम घेतली, त्याच्या भाचीला उचल फिटत नाही हे कोण सांगेल? ऑक्सफर्डला शिकलेले समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास 1948मध्ये म्हैसूरकडच्या खेड्यात राहिले. गाव आपल्याला वरच्या जातींच्या बाजूने दिसलं, हे त्यांनी पुढे मान्य केलं.

संमतीपत्रावर सही मागू नका. इथे कागदावर अंगठा म्हणजे उचलीचा करार. तोंडी संमती रेकॉर्ड करा, पण विद्यापीठाची परवानगी आधी घ्या.

हंगामात कारखान्याच्या तळावर जा. पहाटे कोपीपुढे (झोपडीपुढे) भाकरी थापणाऱ्या बाईजवळ खाली बसा. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, म्हणजे तोडीची एक जोडी, आणि उचल बहुधा नवऱ्याच्या हातात. तिच्या वाट्याचं काय, ते तिलाच विचारा. नवरा उसाची बैलगाडी घेऊन वजनकाट्यावर गेला की. जर्मन जॅकेट मात्र घाला खुशाल, उसाच्या फडात थंडी मरणाची असते.