सीएसआरच्या ठरावावर सही करू का?

प्रश्न : मी निवृत्त प्राध्यापिका, एका कंपनीत स्वतंत्र संचालक आहे. यंदाचे सीएसआरचे (कंपनीनं कायद्यानं सामाजिक कामावर खर्च करायचे) १ कोटी २० लाख रुपये अध्यक्षांच्या पत्नी विश्वस्त असलेल्या ट्रस्टला द्यायचा सर्क्युलर ठराव (बैठक न घेता, संचालकांची संमती घेऊन मंजूर करायचा) २६ मार्चला ईमेलवर आला. सोबत एकही कागद नाही. ‘३१च्या आत पैसे गेले नाहीत तर सगळ्यांना दंड होईल,’ असं सांगून सही मागताहेत. राजीनामा देऊ का?

उत्तर : मॅडम, सही करू नका. आणि दंडाची भीती आधी मनातून काढा, कारण ती दाखवूनच हा ठराव रेटला जातोय. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे, कुठल्या बहुवर्षीय प्रकल्पाची नसलेली रक्कम अखर्चित राहिली, तर ती ३० सप्टेंबरपर्यंत पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या, अनुसूची सातमधल्या निधीत भरता येते. संचालक मंडळाच्या अहवालात कारण द्यावं लागतं. दंड येतो तो त्यानंतरही पैसे भरले नाहीत तर. उलट, नुसते ट्रस्टच्या खात्यात टाकलेले पैसे खर्च धरले जात नाहीत; ते प्रत्यक्ष कामावर वापरले गेले पाहिजेत, हे कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०२१ मध्येच स्पष्ट केलंय. चार-पाच दिवसांत एवढी रक्कम कुठल्या कामावर लागणार आहे?

नात्यातल्या ट्रस्टला सरसकट बंदी नाही. पण त्याची सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थेची सरकारी नोंदणी), ८०जी म्हणजे देणगीवर करसवलतीची मान्यता, तीन वर्षांचं काम हे बघणं मंडळाचंच काम आहे, आणि दिलेला पैसा ठरल्या कामावरच लागला याची खातरजमाही मंडळानंच करायची असते. संचालकानं नातेवाइकांना गैरवाजवी लाभ करून देणं कलम १६६ मध्ये बसत नाही. अध्यक्षांनी या विषयापासून दूरच राहायला हवं.

कलम १७५ प्रमाणे सर्क्युलर ठरावासोबत आवश्यक कागद द्यावेच लागतात. एकतृतीयांश संचालकांनी मागणी केली, तर विषय बैठकीतच घ्यावा लागतो. सात जणांच्या मंडळात तिघं पुरेत. दोन सहकाऱ्यांना आजच फोन करा.

कंपनी सेक्रेटरीला एवढंच लिहा : ‘प्रकल्पाचे व ट्रस्टचे कागद मिळालेले नाहीत. माझा ठरावास विरोध आहे. विषय बैठकीत घ्यावा व माझा विरोध नावासह इतिवृत्तात नोंदवावा.’ ईमेलची प्रत स्वतःकडे ठेवा. स्वतंत्र संचालकाला कलम १४९ (१२) चं संरक्षण आहे, म्हणजे त्याच्या नकळत झालेल्या चुकांसाठी त्याला जबाबदार धरत नाहीत, पण ते माहीत असून गप्प बसणाऱ्याला मिळत नाही.

राजीनाम्याची घाई नको. पदावर असतानाच्या चुकांची जबाबदारी त्यानं सुटत नाही, आणि तुम्ही गेलात तर विचारणारं एक माणूस कमी होईल. आधी बैठक होऊ द्या, इतिवृत्ताचा मसुदा हातात आला की तुमचा विरोध त्यात उतरलाय का ते बघा.