समोर कुणी नसताना चालणारं भांडण

"मॅडम, डोक्यात सारखं भांडण चालू असतं." हे वाक्य समुपदेशन करताना मी इतक्या जणांकडून ऐकते की आता लिहायलाच हवं. साहेब, भाऊ, सून, जुनी मैत्रीण... माणूस समोर नसतो आणि वाद मात्र मध्यरात्र उलटून गेली तरी मिटत नाही.

प्राचीन ग्रीकांकडे याला शब्द होता, स्कियामाखिया. सावलीशी लढाई. जोडीदार नसताना मुष्टियोद्धा एकटाच हवेत ठोसे मारून सराव करतो, ती. इ.स.पू. 399 मध्ये अथेन्सच्या न्यायालयात सत्तरीच्या सॉक्रेटिसने तोच शब्द वापरला, असं प्लेटोने लिहून ठेवलंय. वर्षानुवर्षं माझ्याविषयी कंड्या पिकवणाऱ्यांना इथे उभं करता येत नाही, त्यांची उलटतपासणी घेता येत नाही; मला सावल्यांशीच लढावं लागतंय, असं तो म्हणाला. आणि मग त्याने त्या कंड्यांचंच रीतसर आरोपपत्र करून वाचून दाखवलं! ही युक्ती मी माझ्या कामात आणली आहे.

पन्नाशीच्या एक बाई यायच्या. मोठ्या जाऊबाईंशी मनात भांडता भांडता कढई अशी घासायच्या की बोटांची सालं निघालेली. सुरुवातीच्या भेटी "त्या असं म्हणतील, मग मी असं सुनावीन" यातच गेल्या. शेवटी मी कागद पुढे केला.

"तुमची उत्तरं राहू द्या. जाऊबाईंचा आरोप काय, तेवढा लिहा."

बराच वेळ पेन हलेना. मग एकच ओळ उतरली : 'सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांत ही आली नाही.'

"असं त्या कधी म्हणाल्या?"

"म्हणाल्या नाहीत."

"मग?"

त्या कागदाकडे बघत राहिल्या. "अक्षर माझंच आहे, मॅडम. म्हणणंही माझंच."

घटनेपेक्षा तिच्याविषयीचे आपले हट्टी विचारच जास्त त्रास देतात, असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस सांगायचा. त्याच्या या विवेकनिष्ठ विचारावर माझी श्रद्धा आहे, ती अशा क्षणांमुळे. "विसरून जा" म्हटल्याने असं भांडण थांबलेलं मी पाहिलेलं नाही. आरोप लिहा, आणि तो नक्की कोण करतंय ते तपासा. उद्या खरंच साहेबांशी बोलायचं असेल, तर मनातली तालीम जरूर करा आणि जाऊन बोला. पण फिर्यादी आपणच असू, तर जाऊबाईंना कितीही हरवून उपयोग नाही. त्या दिवसांत या बाईंचे यजमान स्वतः दवाखान्यात होते. तरीही 'मी जायलाच हवं होतं' हा हट्ट त्यांनी सोडला नव्हता. आम्ही काम केलं ते त्या 'च'वर.

पुढे त्यांनी जाऊबाईंना फोन केला. आई शेवटी काय खात होत्या, कुणाला ओळखत होत्या, एवढंच विचारलं. आता आमच्या भेटींत जाऊबाईंचा विषय निघत नाही. त्या सासूबाईंविषयी बोलतात, आणि रडतात.