'हिकारू नो गो' या जपानी मालिकेतला साई शेवटी नाहीसा का होतो?

कारण त्याचं काम झालेलं असतं. मालिका ते थेट बोलूनही दाखवते, फक्त तो क्षण पटकन निघून जातो.

फुजिवारा नो साई हा जपानच्या हेइआन काळातला (सुमारे हजार वर्षांपूर्वीचा), सम्राटाला 'गो' हा पटावरचा खेळ शिकवणारा गुरू. खोटा आळ येतो, राजधानीतून हाकलतात, तो पाण्यात जीव देतो. पण खेळायची आस काही सुटत नाही, म्हणून त्याचा आत्मा मागे राहतो. आधी तो तोराजिरोच्या, म्हणजे होनिन्बो शुसाकूच्या मनात राहतो (शुसाकू हा खराखुरा खेळाडू, १८६२ मध्ये कॉलऱ्याच्या साथीत गेला) आणि मग आजोबांच्या कोठीतल्या जुन्या पटातून शाळकरी हिकारूच्या मनात येतो.

आता तोया मेइजिनबरोबरचा ('मेइजिन' हा गोमधला मोठा किताब) इंटरनेटवरचा डाव आठवा. साई अगदी थोडक्यात जिंकतो. एवढ्यात हिकारू पटावर बोट ठेवून सांगतो, इथे खेळला असता तर मेइजिन जिंकला असता. दोन्ही दिग्गजांच्या नजरेतून सुटलेली चाल पोराला दिसते! त्याच क्षणी साईला कळतं, की हजार वर्षं आपल्याला थांबवून ठेवलं ते हा डाव हिकारूला दाखवण्यासाठी.

मला साई गुरू म्हणून फार मोठा वाटतो, कारण तो साधू नाही. खेळायला मिळावं म्हणून रडतो, हट्ट करतो, शिष्याचा हेवाही करतो, आणि तरी हातचं काही राखून न ठेवता शिकवतो.

पुढचे भाग सोडू नका. साई गेल्यावर खेळणं बंद केलेला हिकारू आपल्या खेळाडू मित्राशी, इसुमीशी, खेळताना साईला कुठे शोधून काढतो, ते बघाच.