कोरोनात माथेरानची मिनी ट्रेन बंद होती, तेव्हा ती तगली कशी?

ब्रिटनमधल्या हेरिटेज रेल्वेंनी, म्हणजे वारसा म्हणून जपलेल्या जुन्या गाड्यांनी, लॉकडाऊनमध्ये लोकांकडे देणग्या मागितल्या, मग आपल्या माथेरानच्या गाडीने काय केलं? खरं तर तिच्यावर ती वेळच आली नाही. तिकडच्या बऱ्याच गाड्या ट्रस्ट नाहीतर सोसायट्या चालवतात, तिकीटविक्री थांबली की सगळीच बोंब, म्हणून त्यांनी अपील काढली आणि कोरोनात सांस्कृतिक संस्थांसाठी काढलेल्या सरकारच्या कल्चर रिकव्हरी फंडातूनही मदत घेतली. आपली गाडी मध्य रेल्वेची, तिचा तोटा मोठ्या हिशेबात जिरून जातो आणि ड्रायव्हर-गार्डचा पगार काही त्या दिवशी किती तिकिटं फाटली यावर ठरत नाही. १९०७ साली पीरभॉय कुटुंबाने १६ लाख घालून ही लाइन टाकली, ती आजही कुणा खासगी मालकाकडे असती तर २०२० मध्ये भंगारात निघाली असती असं माझं मत.

आणि मुळात कोरोनाने बंद पाडली ती अख्खी नेरळ-माथेरान नव्हतीच. ऑगस्ट २०१९ च्या पावसाने घाटातल्या ट्रॅकची वाट लावली होती, गाडी तेव्हाच थांबली. डिसेंबरात फक्त अमन लॉज ते माथेरान शटल कशीबशी सुरू झाली, म्हणजे साधारण २१ किलोमीटरपैकी जेमतेम तीन, आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तशी तीही गेली.

आता तीन किलोमीटरचं काय एवढं असं वाटेल, पण माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे, टॅक्सी तुम्हाला दस्तुरी नाक्यावर उतरवते (अमन लॉज स्टेशन तिथेच) आणि तिथून पुढे तेव्हा गाडी नसली की घोडा, हातरिक्षा, हमाल नाहीतर लाल मातीतून आपले पाय. भाजी, सिलिंडर, सगळं असंच वर जायचं. लॉकडाऊनमध्ये पर्यटक शून्य झाले तरी गावातल्या माणसांना जेवायला लागतंच ना, म्हाताऱ्यांना दवाखान्यासाठी खाली उतरायला लागतंच. खरा मार खाल्ला तो या लोकांनी, घोडेवाले, हमाल, चिक्की-चपलांची दुकानं, लॉजवाले, ज्यांची कमाई सगळी शनिवार-रविवारच्या गर्दीवर. लॉजला कुलूप ठोकता येतं हो, घोड्याला रोजची चंदी चुकत नाही.

मग ४ नोव्हेंबर २०२० ला शटल परत सुरू झाली, सुरुवातीला दिवसाला जाऊन-येऊन दोनच फेऱ्या. गंमत अशी की तेव्हा मुंबईची लोकल सगळ्यांना खुली नव्हती, अत्यावश्यक सेवावाले आणि ठरावीक वेळेत बायका एवढंच, बाकीच्यांना थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये आणि तेही वेळेचं बंधन घालून. म्हणजे माझ्यासारख्या बदलापूरच्या माणसाला मिनी ट्रेनचं तिकीट मिळत होतं पण नेरळपर्यंत जायला लोकलचं नाही! मी मित्राच्या बाइकवर मागे बसून दस्तुरीला गेलो. गाडीत मास्क लावलेली मोजकी मंडळी, आणि सामानाच्या डब्यात बटाट्याची पोती, दुधाचे क्रेट आणि त्यावर कुणाचा तरी टीव्हीचा खोका, तो पडू नये म्हणून एक काका पूर्ण वेळ दारातून लक्ष ठेवून. हेरिटेज वगैरे आपण म्हणतो, त्या काकांसाठी ती गावाची एसटी होती. इतक्या लवकर सुरू व्हायचं कारणही मला तेच वाटतं.

नेरळ ते अमन लॉज हा खालचा भाग मात्र रखडला. दार्जिलिंगची गाडी बघा, डिसेंबर २०२० मध्ये जॉयराइड, म्हणजे पर्यटकांच्या छोट्या फेऱ्या, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये न्यू जलपाईगुडीपासून पूर्ण लाइन सुरू, आपल्याला त्यानंतर आणखी वर्षभर थांबावं लागलं. ट्रॅक रिकामाच होता तर लॉकडाऊनमध्येच काम का नाही उरकलं असं आम्ही सगळेच बोलायचो, पण तेव्हा मजूर गावी गेलेले आणि पावसाळ्यात त्या घाटात काम करायचं म्हणजे जिवाशी खेळ. काम झालं ते मात्र दणकट दिसतं, दगड भरलेल्या जाळ्यांच्या भिंती, काँक्रीटचे स्लीपर, पाणी जायला मोऱ्या.

२२ ऑक्टोबर २०२२ ला नेरळहून गाडी सुटली. जाणार असाल तर दिवाळीनंतर जा, पावसाळ्यात साधारण १५ जून ते १५ ऑक्टोबर नेरळची गाडी दरवर्षी बंदच असते, शटल तेवढी मिळते.