बाळाच्या आतड्यातला ‘पेसमेकर’ जन्मानंतर तयार होतो का? दीड महिन्याच्या बाळाला ४ दिवस शी झाली नाही तर काय करावं?

तुमचं बाळ ४२ दिवसांचं, फक्त अंगावरच्या दुधावर, आणि ४ दिवस शी नाही. घरात विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून शीच्या जागी लावायचं चाललंय. त्यात तुम्ही वाचलंत की आतड्याला ताल देणाऱ्या पेशी, म्हणजे आतड्याचा ‘पेसमेकर’, जन्मानंतर तयार होतात. मग बाळाच्या त्या अजून झाल्याच नाहीत का, असं विचारलंय.

झाल्या आहेत. या पेशींना काहाल पेशी म्हणतात. सान्तियागो रामोन ई काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, पण त्याला त्या चेतापेशींच्याच (मज्जातंतूंच्या पेशींच्या) जातीच्या वाटल्या. तशा त्या नाहीत. आतड्याचा स्नायू ज्या पेशींपासून बनतो, त्यांच्यापासूनच याही बनतात. पोटातल्या बाळात साधारण नवव्या आठवड्यापासून त्या जठराच्या भागात दिसू लागतात, मोठ्या आतड्यात आणखी काही आठवड्यांनी. पूर्ण दिवस भरलेलं बाळ हे जाळं घेऊनच जन्मतं.

जन्मानंतर ते पक्कं होतं. पेशी एकमेकींना आणि स्नायूला नीट जोडल्या जातात, ठोक्याला जोर येतो. उंदराच्या लहान आतड्यात तर स्नायूच्या खोल थरातलं जाळं बरंचसं जन्मानंतरच विणलं जातं. तुम्ही वाचलेलं बहुधा त्याबद्दल असावं. शिवाय जाळं एकदा झालं की कायमचं, असंही नाही. पेशींच्या पृष्ठभागावर ‘किट’ नावाचा ग्राहक (संदेश पकडणारा रेणू) असतो आणि त्याला आजूबाजूच्या स्नायू-चेतांकडून सतत संदेश लागतो. १९९२ मध्ये जपानी संशोधकांनी नवजात उंदरांमध्ये किट अडवणारी अँटिबॉडी टोचली, तेव्हा जन्मताना ठीक असलेल्या आतड्याची लय बिघडली.

या पेशी करतात काय? पेशीच्या आतल्या साठ्यातून थोडं कॅल्शियम सुटतं, त्याने क्लोराइडची वाट उघडते, क्लोराइड बाहेर पडतो आणि पेशीचा विद्युतभार बदलतो. तो बदल शेजारच्या स्नायूत उतरतो. मोठ्या माणसात हे जठरात मिनिटाला ३ वेळा होतं, लहान आतड्याच्या सुरुवातीला १२ आणि शेवटी ८ वेळा. वरचा भाग जास्त वेगाचा, म्हणून तो खालच्याला आपल्यामागे ओढतो आणि लाट वरून खाली जाते.

पण ठोका पडला म्हणजे आतडं आवळलंच असं नाही. पावसाळ्यात संध्याकाळी मुठेकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, तो आठवा. ताशा वाजतच असतो. ढोलाची टिपरी कधी पडायची, हे पुढे उभा असलेला हाताने सांगतो. इथे ताशा म्हणजे काहाल पेशी, ढोल म्हणजे स्नायू आणि तो हात म्हणजे आतड्यातल्या चेता. बाळाचा ताशा ठीक असतो, हाताला सराव व्हायचा असतो. ३२ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळात उपाशीपोटी आतडं झाडून काढणारी लाट अजून नीट बांधलेली नसते. त्यांचं दूध इतकं जपून, थोडं थोडं वाढवतात, त्याचं हे एक मोठं कारण.

तुमच्या बाळाला यातलं काही लागू नाही. पहिल्या महिन्यात दर दुधामागे शी करणारं बाळ सहाव्या आठवड्याच्या आसपास एकदम थांबू शकतं, ५-७ दिवससुद्धा. आईच्या दुधातलं फारसं काही उरतच नाही. शी आली की ती मऊ, पिवळी असावी. दिवसात ६ तरी लंगोट ओले व्हावेत. वजन दिवसाला २० ते ३० ग्रॅमने वाढावं. एवढं असेल तर वाट बघा. (डब्याच्या दुधावरच्या बाळाला मात्र हा हिशोब लावू नका.) बाळ १०-१५ मिनिटं कुंथतं, लालबुंद होतं, रडतं आणि मग मऊच शी करतं, हाही बद्धकोष्ठ नव्हे. पोटाने जोर लावताना गुदद्वार सैल सोडायचं, हे त्याला अजून जमत नाही.

म्हणूनच देठाला माझा ठाम विरोध आहे. साबणाच्या वडीलाही. देठाने शी होते, हे खरंच आहे, पण ती बाहेरून चाळवल्यामुळे होते आणि जे बाळाने शिकायचं तेच राहून जातं. देठाचं टोक टणक असतं, नाजूक त्वचेला चीर पडते. मग शी करताना दुखतं म्हणून बाळ ती धरून ठेवतं आणि खरा बद्धकोष्ठ सुरू होतो. बेंबीभोवती हिंग लावायचा तर लावा, त्वचा लाल होत नाही ना ते बघा. मध चाटवू नका. वर्षाच्या आत त्यातून बोट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार) होऊ शकतो.

थांबायचं नाही, अशा गोष्टी वेगळ्या. हिरवी उलटी झाली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी बालशल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात न्या. पोट ताठ फुगलं, शीत रक्त दिसलं, बाळ दूध ओढेनासं झालं, तरी त्याच दिवशी दाखवा. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दर दुधानंतर पिचकारीसारखी पांढरी उलटी व्हायला लागली तर दूध पाजून झाल्यावर झबलं वर करा आणि बाजूने उजेड पाडून पोट बघा. बाळाच्या डाव्या बरगडीखालून उजवीकडे चेंडू सरकल्यासारखा उंचवटा जाताना दिसला तर जठराचं खालचं तोंड जाड झालेलं असू शकतं. त्या जाड स्नायूत काहाल पेशी जवळजवळ नसतात. छोट्या शस्त्रक्रियेने तो मोकळा केला की काही महिन्यांत त्या परत दिसतात.

आणि आजच डिस्चार्ज कार्ड काढून बघा, पहिली काळी शी किती तासांनी झाली होती ते. बहुतेक बाळांना ती २४ तासांत होते. ४८ तास उलटून गेले असतील तर हे ४ दिवस नुसते मोजत बसू नका. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेताच पोचल्या नसतील (या आजाराला हिर्शस्प्रुंग म्हणतात), तर गुदाशयाचा छोटा तुकडा तपासून ते कळतं. कार्ड घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि तो आकडा त्यांना आधी सांगा.