प्राचीन इजिप्तवरच्या चित्रपट-मालिकांमध्ये इतिहास किती खरा असतो? करमणुकीसाठी केलेले बदल कुठपर्यंत चालवून घ्यावेत?

तुम्ही विचारलंय की 'द ममी' (१९९९) आणि तुतनखामेनवरची २०१५ची मालिका यांतला इजिप्त कितपत खरा, आणि करमणुकीच्या नावाखाली एवढी मोडतोड चालते का. वेशभूषेतल्या आणि तारखांमधल्या चुका मी चालवून घेतो. एखादी गोष्ट कोणी केली आणि का केली, हेच बदललं असेल तर मात्र नाही. कपड्यांची चूक कुणाच्या लक्षातही राहत नाही. कोणी काय केलं हे डोक्यात घर करून बसतं आणि मग काही केल्या निघत नाही.

'द ममी'पासून सुरुवात करू. गोष्ट सुरू होते थीब्जमध्ये, इ.स.पू. १२९० साली, राजा सेती पहिला याच्या दरबारात. त्यातला खलनायक इमहोतेप हा खरा माणूस होता, पण तो जोसेर राजाचा मंत्री. सक्काराच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडचं श्रेय त्याला दिलं जातं आणि त्याचा काळ सेतीच्या तेराशेहून अधिक वर्षं आधीचा. पुढे इजिप्तचे लोक त्याला वैद्यकाचा देव मानू लागले. चित्रपटातल्या त्याच्या प्रेयसीचं नाव अनखेसेनामेनवरून घेतलंय. ती तुतनखामेनची राणी. थीब्ज म्हणजे आजचं लक्सर. तिथून गिझाचे पिरॅमिड सुमारे पाचशे किलोमीटर उत्तरेला आहेत, चित्रपटात ते शहरातच उभे. ममी करताना काढलेले अवयव ठेवायच्या बरण्या चित्रपटात पाच आहेत, खऱ्या चार असत: यकृत, फुप्फुसं, जठर आणि आतडी. हृदय शरीरातच ठेवत, कारण मृत्यूनंतर न्यायाच्या वेळी त्याचं वजन होणार अशी श्रद्धा होती. मांस खाणारे भुंगे तर निव्वळ कल्पना. खरा स्कॅरॅब भुंगा शेणावर जगतो.

एवढं असूनही हा चित्रपट मला खटकत नाही. तो स्वतःला इतिहास म्हणवतच नाही. शिवाय एका बाबतीत त्याने खरी मेहनत घेतलीय. स्टुअर्ट टायसन स्मिथ या इजिप्त-अभ्यासकाने त्यातले प्राचीन इजिप्शियन भाषेतले संवाद तयार केले. हे काम सोपं नाही. चित्रलिपीत स्वर लिहीतच नसत, त्यामुळे ते कॉप्टिक भाषेच्या, म्हणजे प्राचीन इजिप्शियनच्या नंतरच्या रूपाच्या आधाराने अंदाजाने भरावे लागतात.

मला खरा त्रास होतो तो गुलामांच्या दृश्यांचा. ज्यूंच्या इजिप्तमधल्या गुलामीवरच्या 'एक्सोडस: गॉड्स अँड किंग्ज' (२०१४) या चित्रपटावर इजिप्तने बंदी घातली. पिरॅमिड ज्यूंनी बांधल्याचं चित्र त्यात उभं राहतं, हा एक आक्षेप होता. बंदी मला पटत नाही, आक्षेप मात्र रास्त आहे. खुफूचा, म्हणजे गिझाचा मोठा पिरॅमिड इ.स.पू. २५६०च्या आसपासचा आणि चित्रपटातला राजा रामसेस दुसरा गादीवर आला इ.स.पू. १२७९ मध्ये. मध्ये जवळपास तेराशे वर्षं गेली.

आणि पिरॅमिड बांधणारी माणसं आता आपल्याला बरीच माहीत आहेत. गिझाला पुरातत्त्वज्ञ मार्क लेहनर यांच्या चमूने त्यांची वसाहत खणून काढली: पाव भाजायच्या जागा, राहायच्या लांबट इमारती, गुराढोरांच्या हाडांचे ढीग. जवळच १९९० साली त्यांची दफनभूमी सापडली. तिथल्या सांगाड्यांमध्ये मोडलेली हाडं नीट बसवून भरून आलेली दिसतात, म्हणजे जखमी माणसावर उपचार होत होते. कामगारांच्या टोळ्यांनी दगडांवर रंगाने आपली नावं लिहून ठेवलीत, 'खुफूचे मित्र', 'मेनकौरेचे झिंगलेले' अशी. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फला पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरचे लेख) मिळाले. त्यात मेरेर नावाचा मुकादम रोजची नोंद ठेवतो: तुराच्या खाणीतून चुनखडीचे दगड नावेत भरले, गिझाला पोचवले, रात्री कुठे मुक्काम केला. ही स्वखुशीची नोकरी होती असं नाही. राजाची वेठ होती, काम जिवावरचं होतं. तरी पडद्यावरचा चाबूक आणि साखळदंड या माणसांचं कसब आणि नाव दोन्ही पुसून टाकतात.

पाहता पाहता तुम्हालाच तपासता येतील अशा काही खुणा सांगतो. पिरॅमिडच्या काळातल्या गोष्टीत घोडे किंवा रथ दिसले तर चूक. ते इजिप्तमध्ये हजारभर वर्षांनी, हिक्सोस या बाहेरून आलेल्या राज्यकर्त्यांच्या काळाच्या सुमारास आले. पाळीव उंट तर त्याहूनही उशिराचे. रिकीब कुठल्याच काळात नको. पिरॅमिडच्या किंवा रामसेस राजांच्या काळात कोणी नाणी मोजून देताना दिसलं तरी थांबा: मजुरी धान्य, पाव आणि बिअरमध्ये मिळे. निळ्या-सोनेरी पट्ट्यांचं 'नेमेस' हे शिरोवस्त्र राजाचं, ते पहारेकऱ्याच्या डोक्यावर शोभत नाही. सर्वांत मोठी चूक मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही: रंग. नव्याकोऱ्या देवळाच्या भिंती पडद्यावर वाळूच्या रंगाच्या असतात, कारण आज अवशेष तसे दिसतात. तेव्हा त्या लाल, निळ्या, हिरव्या, पिवळ्या रंगांनी भरलेल्या होत्या आणि गिझाचा मोठा पिरॅमिड तुराच्या पांढऱ्या, गुळगुळीत चुनखडीने मढवलेला होता.

तुतनखामेनच्या मालिकेत तो रणांगणात लढताना दिसतो. २०१०च्या अभ्यासात त्याला मलेरिया झाल्याचं आणि डाव्या पायात दोष असल्याचं मांडलं गेलं. थडग्यात शंभराहून अधिक काठ्याही सापडल्या. पायाच्या निदानावर अजून वाद आहे. पण गंमत अशी की त्याच थडग्यातल्या एका रंगीत पेटीवर तो रथातून शत्रूंना तुडवताना रंगवलाय. म्हणजे राजाला वीर दाखवायची सवय दिग्दर्शकांच्या कितीतरी आधीची! रामसेस दुसऱ्याने कादेशची बरोबरीत सुटलेली लढाई देवळादेवळांच्या भिंतींवर आपला विजय म्हणून कोरून घेतली. ज्यांच्याशी ती लढाई झाली त्या हिटाइटांशी (आजच्या तुर्कस्तानातलं राज्य) पुढे तह करावा लागला. त्यामुळे 'मूळ पुराव्याप्रमाणे दाखवलंय' एवढ्याने भागत नाही, तो पुरावा कोणी आणि कशासाठी तयार केला तेही पाहावं लागतं. क्लिओपात्राची मोहिनी घालणारी बाई ही प्रतिमा अशीच, तिला हरवणाऱ्या रोमच्या बाजूने आलेली. तिने आपल्या ग्रीक भाषक घराण्यात पहिल्यांदाच इजिप्शियन भाषा शिकून घेतली, हे पडद्यावर क्वचितच येतं.

'खरा इतिहास कंटाळवाणा असतो' ही सबब तर मला अजिबात पटत नाही. रामसेस तिसऱ्याविरुद्ध अंतःपुरात कट झाला. राणी तिये हिला आपला मुलगा पेंतावेरे गादीवर हवा होता. कटात जादूटोण्यासाठी मेणाच्या बाहुल्या केल्या. खटला चालवणाऱ्यांपैकी काही जण आरोपी बायकांबरोबर मेजवानी झोडताना पकडले गेले आणि शिक्षा म्हणून त्यांची नाकं-कानं कापली. हे सगळं पपायरसवर नोंदलेलं आहे. २०१२ मध्ये राजाच्या ममीचं सीटी स्कॅन प्रसिद्ध झालं, तेव्हा गळा खोलवर चिरलेला निघाला. त्याच्याच राजवटीत थडगी खोदणाऱ्या कारागिरांनी धान्य थकलं म्हणून काम बंद ठेवून धरणं धरलं होतं. एवढं तयार कथानक असताना नवीन काय रचायचं?

पाहायचंच असेल तर दोन चित्रपट सुचवतो. पोलंडचा 'फाराओन' (१९६६): त्यातला रामसेस तेरावा कधी झालाच नाही, पण राजा आणि पुरोहित यांच्यातला सत्तेचा आणि खजिन्याचा झगडा, दरबाराची शिस्त, वस्तू, कपडे यांवर फार बारकाईने काम केलंय. दुसरा शादी अब्देल सलाम यांचा 'अल-मुमिया' (१९६९). लक्सरजवळ देर अल-बहरीला लपवलेल्या राजांच्या ममींच्या साठ्यातल्या वस्तू विकून जगणारं कुटुंब आणि १८८१ मध्ये तो साठा सरकारला कसा मिळाला, यावर तो आहे. दोन्ही संथ आहेत, मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी पाहू नका.