परड्यातले प्रश्न : गादीवाफ्यांवर छप्पर केव्हा घालावे?

प्रश्न : आमचे घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. मागे परड्यात २० बाय ३० फूट जागा आहे, माती तांबडी. पावसाळ्यात कोथिंबीर कुजते, टोमॅटोची झाडे उभ्या उभ्या माना टाकतात. मुलगा म्हणतो, प्लास्टिकचे हरितगृह बांधू, खाली कोबा करून कुंड्या ठेवू. मला मातीतलेच गादीवाफे हवेत. दोन्ही जमेल का?

उत्तर : ताई, जमेल. कोबा मात्र करू नका. मी पहिल्या वर्षी छप्पर घातले आणि खाली सपाट वाफे ठेवले. वरून एक थेंब पडत नव्हता, तरी आषाढात पाणी बाजूने जमिनीतून आत आले आणि टोमॅटो मर लागून गेले. आपल्याकडे पाणी वरून येते तसे खालूनही येते. छप्पर वरचे अडवते, खालच्यासाठी वाफा उंच हवा.

तुमच्या जागेत १५ बाय २४ फुटांचा मांडव बसवा. आत ३ फूट रुंद, २० फूट लांब असे तीन वाफे, मध्ये दोन-दोन फुटांच्या वाटा. कडेला जांभ्याचे चिरे लावून सव्वा फूट उंची घ्या. खालची जमीन कुदळीने सैल करा, तळाला प्लास्टिक घालू नका. तिन्ही वाफ्यांना मिळून सव्वादोन ब्रास (२२५ घनफूट) भर लागेल. तिचे प्रमाण असे : दोन पाट्या तांबडी माती, एक पाटी मुरलेले शेणखत, अर्धी पाटी पावसात भिजून काळे पडलेले भाताचे तूस. ताजे तूस नको. दर वर्षी वाफा दोन-तीन बोटे खाली बसतो, तेवढे खत वर घालायचे.

मांडवाभोवती फूटभर खोल चर काढा आणि तो उताराला जोडा. हे टाळू नका. जुलैत आपल्या भागात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडणे नवलाचे नाही. एवढ्या छपरावरून त्या दिवशी ३,३०० लिटरहून जास्त पाणी वाफ्यांच्या कडेलाच कोसळेल. पन्हळ लावून ते पिंपात घेता आले तर उत्तमच, कारण बाहेर धो-धो पाऊस असतानाही आतल्या झाडांना पाणी घालावे लागते. बोट दोन पेरे खुपसून बघा, कोरडे लागले तर घाला.

आता छपराबद्दल. थंड देशांत हरितगृह ऊब धरायला बांधतात. आपल्याला ऊब नको, छत्री हवी. म्हणून बाजू बंद करू नका. मधली उंची १० फूट तरी ठेवा, बाजूंना ४० मेशची (इंचाला ४० छिद्रांची) कीटकरोधक जाळी, आणि पश्चिमेला गुंडाळता येईल असा पडदा, कारण आपला पाऊस तिकडूनच तिरका मारतो. वर २०० मायक्रॉनची यूव्ही फिल्म, म्हणजे उन्हात टिकणारे पारदर्शक प्लास्टिक.

ही फिल्म मृगाच्या तोंडावर चढवायची आणि दसऱ्यानंतर उतरवायची. वर्षभर तशीच ठेवायची नाही, असे मी आग्रहाने सांगते. थंडीत आपल्या भाजीला छप्पर लागतच नाही. नवलकोल, मेथी, बीन्स उघड्यावर छान येतात. चैत्र-वैशाखात फिल्मखाली टोमॅटोचे फूल गळते, तेव्हा फक्त ५० टक्क्यांचे शेडनेट, म्हणजे निम्मे ऊन अडवणारी जाळी घाला. वळवाचा वारा फिल्म फाडतो, शेडनेट सहसा टिकते. शिवाय त्यातून वळवाच्या दोन-तीन सरी वाफ्यांवर पडतात, ते मला फार मोलाचे वाटते. छपराखाली खतांचे क्षार वरच्या थरात साठतात, त्यांना धुऊन खाली न्यायला पावसासारखे दुसरे काही नाही.

पिके फिरती ठेवा. टोमॅटो, ढबू मिरची, वांगी, बटाटा हे एकाच कुळातले, एका वाफ्यात लागोपाठ नकोत. पुढच्या वर्षी तिथे पालेभाजी, मग शेंगभाजी. झाडाने मान टाकली तर बुंध्याचा तुकडा कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात धरा. दुधासारखी धार सुटली तर जिवाणूजन्य मर आहे, ते झाड मुळासकट काढून जाळा. टोमॅटो फुलला की सकाळी दहाच्या सुमारास झाड बांधलेल्या सुतळीला हलकेच टिचकी मारा, परागकण झडतात. दोडका आणि कारले जाळीत लावू नका. मधमाशी आत येत नाही, त्यांचा मांडव बाहेरच घाला.

पैसे एकदम घालायचे नसतील तर यंदा वाफे आणि चर करा. छप्पर पुढच्या मृगाला.

प्रश्न : अथणीकडे काळी जमीन, बोअरचे पाणी. शेडनेटमधल्या फूटभर उंच वाफ्यांच्या कडांवर पांढरा थर येतो, मिरचीची पाने वळतात. काय करावे?

उत्तर : भाऊ, पांढरा थर बहुधा क्षारांचा आहे. तुमच्याकडे पाऊस कमी, म्हणून उंच वाफा लवकर वाळतो आणि क्षार वर ओढतो. सहा-आठ इंच उंची पुरे. ठिबक लावा, वर उसाचे पाचट पसरा, आणि पाणी मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून तपासून घ्या. पाने होडीसारखी वर वळत असतील तर फुलकिडे, खाली वळत असतील तर कोळी नावाची बारीक कीड. दोघांचे औषध वेगळे आहे, म्हणून फवारणीच्या आधी पान उलटून बघा.